प्युरिटनांची पुण्याई आणि व्हर्जिनियाचा आळस: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या इंग्रज वसाहतींविषयी एक मजकूर मराठीत वर्षानुवर्षे फिरतो आहे. स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत, व्याख्यानांत, मोबाइलवर आलेल्या लांबलचक संदेशांत तो थोड्याफार फरकाने भेटतो. मथितार्थ असा: ‘उत्तरेला, न्यू इंग्लंडमध्ये, धर्मस्वातंत्र्यासाठी आलेली सच्छील आणि कष्टाळू माणसे उतरली. दक्षिणेला, व्हर्जिनियात, सोन्याच्या हव्यासाने आलेले आळशी सरदारपुत्र उतरले. म्हणून उत्तरेत शाळा, लोकशाही आणि उद्योग वाढले आणि दक्षिणेत मळे आणि गुलामगिरी. बीज तसे झाड.’

हा दावा इतका सुटसुटीत आहे की तो खरा वाटतो. त्यातली काही वाक्ये अर्धी खरी आहेत, हेही मान्य करायला हवे. पण त्याचे मूळ गृहीतक असे की समाज घडतो तो पहिल्या माणसांच्या स्वभावातून, आणि ते पुराव्यापुढे टिकत नाही. ते धोक्याचेही आहे, कारण त्याच मापाने मग आजच्या गरीब प्रदेशांची गरिबी त्यांच्या पूर्वजांच्या आळसावर ढकलली जाते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन तो तपासू.

‘उत्तरेत धर्मासाठी आले, दक्षिणेत पैशासाठी’

१६०६ मध्ये राजा पहिला जेम्स याने एकाच सनदेने व्यापाऱ्यांच्या दोन गटांना अमेरिकेच्या किनाऱ्यावर वसाहतीचा हक्क दिला. लंडनच्या गटाने मे १६०७ मध्ये चेसापीक उपसागराच्या परिसरात जेम्सटाउन वसवले. पश्चिम इंग्लंडमधल्या गटाने त्याच वर्षी आजच्या मेन राज्यात, केनेबेक नदीच्या मुखाशी, शंभरेक माणसे उतरवली. हेतू तोच: नफा. त्यांचा प्रमुख जॉर्ज पॉपम पहिल्याच हिवाळ्यात मेला, नफ्याचा माल काही सापडला नाही, आणि १६०८ मध्ये उरलेले लोक परत गेले. म्हणजे नफा शोधणारे उत्तरेलाही गेले होते. तिथे त्यांच्या हाताला काही लागले नाही, एवढाच फरक.

‘न्यू इंग्लंड’ हे नाव रूढ केले ते जॉन स्मिथने, म्हणजे जेम्सटाउनच्याच कप्तानाने. १६१४ मध्ये तो त्या किनाऱ्यावर गेला, नकाशा केला आणि मासळी-कातड्यांचा माल घेऊन आला. १६२३ मध्ये केप अ‍ॅन इथे मासेमारीचा तळ टाकला तोही कंपनीनेच. तो फसला आणि त्यातली उरलेली माणसे पुढे सेलमला सरकली. १६२० च्या मेफ्लॉवर जहाजावर १०२ प्रवासी होते. त्यांतले बरेच जण इंग्लंडच्या चर्चपासून फुटून निघालेल्या धर्मपंथाचे नव्हतेच, आणि सगळ्यांच्या प्रवासाचा खर्च लंडनच्या व्यापाऱ्यांनी परताव्याच्या बोलीवर उचलला होता. ते कर्ज फेडता फेडता १६४८ उजाडले. न्यू इंग्लंडमधली १६२९ ची मॅसॅच्युसेट्स बे ही वसाहतसुद्धा कागदोपत्री व्यापारी कंपनीच होती.

उलट व्हर्जिनियात धर्माला जागा नव्हती असे म्हणावे, तर १६११ चा तिथला कायदा वाचावा. रोज दोनदा प्रार्थनेला हजेरी सक्तीची. पहिल्यांदा चुकवली तर त्या दिवसाचा शिधा बंद, दुसऱ्यांदा फटके, तिसऱ्यांदा सहा महिने सक्तमजुरी.

‘धर्मस्वातंत्र्य’ हा शब्द तर इथे फार सैल वापरला जातो. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांना, म्हणजे इंग्लंडचे चर्च शुद्ध करू पाहणाऱ्या प्रोटेस्टंटांना, हवे होते ते स्वतःच्या पद्धतीचे चर्च, इतरांचे स्वातंत्र्य नव्हे. वेगळे मत मांडले म्हणून रॉजर विल्यम्सला आणि पुढे अ‍ॅन हचिन्सनला हद्दपार केले. १६५९ ते १६६१ या काळात बॉस्टनमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या चौघांना फाशी दिली. त्यांत मेरी डायर ही स्त्री होती. सर्व ख्रिस्ती पंथांना, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्यावर श्रद्धा असेल तर, संरक्षण देणारा १६४९ चा कायदा झाला तो मेरीलंडमध्ये, म्हणजे तंबाखूच्या मुलखात.

जाता जाता एक धागा आपल्याकडचा. व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार सर थॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. सुरतेकडे आणि जेम्सटाउनकडे जाणाऱ्या जहाजांमागे लंडनमधली पुष्कळशी तीच मंडळी आणि तेच भांडवल होते.

‘जेम्सटाउनचे लोक आळशी म्हणून उपाशी मेले’

१६०९-१०च्या हिवाळ्यात किल्ल्यातल्या सुमारे तीनशे माणसांपैकी साठेक जगली. हा आकडा आळसाचा पुरावा म्हणून दिला जातो. पण जागा पाहिल्याशिवाय तो कळत नाही. जेम्सटाउनची जागा निवडली ती स्पॅनिश आरमाराच्या भीतीने: नदीत बरेच आत, तिन्हीकडे पाणी, आणि काठाशी इतके खोल की जहाज झाडाला बांधावे. जमीन मात्र दलदलीची. नदी भरती-ओहोटीची. उन्हाळ्यात वरून येणारे गोडे पाणी घटले की समुद्राचे खारे पाणी वर सरकते आणि नेमके तिथेच गोड्या-खाऱ्याची सीमा अडकून राहते. वस्तीची घाण वाहून जात नाही. भरतीबरोबर परत येते. लोक ते पाणी पीत होते. हगवण, विषमज्वर आणि मिठाची बाधा यांनी आधी त्यांचे हातपाय गेले, मग जीव.

त्यात दुष्काळ. त्या भागातल्या दलदलीतल्या जुन्या सायप्रस वृक्षांच्या वार्षिक वलयांवरून दिसते की १६०६ ते १६१२ हा काळ तिथल्या सुमारे पावणेआठशे वर्षांतला सर्वांत कोरडा सात वर्षांचा पट्टा होता. आजूबाजूला पोहॅटन या प्रमुखाच्या सत्तेखाली तीसेक जमाती आणि सुमारे चौदा हजार माणसे होती. त्यांच्याच कणग्या रित्या असताना ते परक्यांना मका कुठून देणार? मका मागणे, हिसकावणे, बदला घेणे या चक्रातून किल्ल्याला वेढा पडला. त्या वेढ्यातल्या उपासमारीत चौदा वर्षांच्या एका मुलीच्या कवटीवर सुरीच्या खुणा उमटल्या. ते अवशेष उत्खननात सापडले आणि २०१३ मध्ये जाहीर झाले. मेलेल्या माणसाचे मांस खाण्याची वेळ आलेल्या लोकांना आळशी म्हणणे हा अन्याय आहे.

मेफ्लॉवरने आलेले आणि न्यू इंग्लंडमध्ये प्लिमथला वसलेले ‘कष्टाळू’ लोकही पहिल्या हिवाळ्यात निम्मे मेले. पुढे ते तरले त्याचे मोठे कारण त्यांच्या पायाखाली होते. १६१६ ते १६१९ मध्ये त्या किनाऱ्यावर साथ आली होती आणि काही ठिकाणी दहातले नऊ लोक गेले होते. प्लिमथ वसले ते पटक्सेट या ओस पडलेल्या गावाच्या जागेवर: झाडे आधीच तोडलेली, शेते तयार, जवळ गोडे पाणी. त्याच गावचा वाचलेला टिस्क्वॉन्टम याने त्यांना मका कसा लावायचा ते दाखवले. एका गटाला जिवंत, संघटित राज्य भेटले आणि दुसऱ्याला मेलेल्या गावाची मशागत केलेली जमीन. तुलना करताना हे सोडून कसे चालेल?

‘दक्षिणेतल्या सरदारांना कष्ट नको होते, म्हणून मळे आले’

हा दाव्याचा कणा आहे, म्हणून इथे जरा थांबावे लागेल. चेसापीकला, म्हणजे व्हर्जिनिया आणि मेरीलंडला, आलेल्या गोऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सरदार नव्हते. ते करारबद्ध नोकर होते: विशीतले, बहुतेक अविवाहित, इंग्लंडमध्ये काम न मिळणारे तरुण. जहाजभाडे सहा पौंडांच्या आसपास. ते खिशात नसले की चार ते सात वर्षांची मजुरी लिहून द्यायची. मळे उभे राहिले ते या माणसांच्या पाठीवर, आणि मळ्यांचा आकार ठरवला तंबाखूने.

जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास गोड चवीच्या तंबाखूचे बियाणे जेम्सटाउनला लावून पाहिले. १६१७ मध्ये सुमारे २० हजार पौंड वजनाचा माल इंग्लंडला गेला आणि १६२९ पर्यंत तो १५ लाख पौंडांच्या घरात पोचला. त्यामागचे वर्ष असे जायचे. जानेवारीच्या मध्यानंतर लाकूडफाटा जाळून, राख मिसळून गादीवाफा करायचा. बी इतके बारीक की चमचाभरात हजारो. ते राखेत कालवून फेकायचे आणि वर पाइनच्या फांद्यांचे पांघरूण घालायचे. तोवर शेतात मातीचे उंचवटे, एकमेकांपासून तीन-चार फुटांवर, कुदळीने रचायचे. नांगर चालत नसे, कारण झाडे तोडलेली नसत. बुंध्याची साल गोल सोलून ती उभीच वाळवायची आणि खोडांच्या मधल्या जागेत पीक घ्यायचे, ही रीत आदिवासींकडून घेतलेली. एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत पाऊस पडला रे पडला की सगळे हात लावणीला. कोरड्या दिवशी लावलेले रोप मरते. मग खुरपणी. आठ-बारा पाने झाली की शेंडा खुडायचा, नाहीतर जोर फुलात जातो. शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात. ते दर आठवड्याला काढायचे. हिरव्या जाड अळ्या हाताने वेचून पायाखाली चिरडायच्या. दोन दिवस राहून गेले तर पानांची चाळण. निपाणी पट्ट्यातल्या तंबाखूच्या शेतकऱ्याला यातले बरेचसे ओळखीचे वाटेल.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कापणी, मग हवा खेळणाऱ्या लाकडी कोठारात चार-सहा आठवडे टांगून सुकवण. इथे खरी पारख लागायची. पान फार कोरडे असताना हात लावला तर चुरा होतो, फार ओले असताना पिंपात दाबले तर समुद्रावर बुरशी धरून अख्खे पिंप जाते. म्हणून दमट दिवसाची वाट पाहत बसायचे, आणि तो आला की रात्र जागून पाने उतरवायची, शिरा काढायच्या, तरफेने दाबून पिंप भरायचे. ते संपते तोवर पुढच्या वर्षाचा गादीवाफा जवळ आलेला.

यात एक माणूस दोन-तीन एकर, सुमारे दहा हजार रोपे, एवढेच सांभाळू शकतो. यंत्राला किंवा बैलाला तिथे वाव नव्हता. म्हणजे उत्पन्न वाढवायचे तर हात वाढवायचे, दुसरा उपाय नाही. आणि जमीन तीन-चार पिकांत दमते. मग काही वर्षे मका, त्यानंतर वीसेक वर्षे पडीक. एका मजुरामागे दोन-तीन एकर कसायचे तर वीस एकर राखीव लागतात, वर सरपण आणि पिंपांसाठी जंगल. १६१८ मध्ये कंपनीने नियम केला: जो कोणी एका माणसाचे भाडे भरेल त्याला ५० एकर. मजूर आणणाऱ्यालाच जमीन! ज्याच्याकडे आधी पैसा त्याला हातही मिळाले आणि माती-जंगलही. नदीकाठ भराभर संपला. जेम्स, यॉर्क, रॅपहॅनॉक, पोटोमॅक या नद्या इतक्या खोल की लंडनचे जहाज मळ्याच्या धक्क्याला लागे. मग बाजारपेठेचे गाव हवेच कशाला? दक्षिणेत शहरे नव्हती यावरून तिथल्या लोकांना नागरी जीवनाची आवड नव्हती असा निष्कर्ष काढतात. खरे उत्तर नदीच्या खोलीत आहे.

या सगळ्यावर मरणाची छाया. हिवताप आणि हगवण. नवा माणूस पहिला उन्हाळा काढतो का, हे तिथे सगळे पाहत असत. सतराव्या शतकातल्या मुंबईतल्या इंग्रजांविषयी ‘दोन पावसाळे हेच माणसाचे आयुष्य’ अशी म्हण होती. चेसापीकची गत फार वेगळी नव्हती. मेरीलंडमध्ये विशीत पोचलेला पुरुष साधारण पंचेचाळिशीच्या आत-बाहेर जाई. न्यू इंग्लंडच्या गावांत विशी गाठलेला पासष्ट-सत्तरी पाही. १६३० च्या दशकात लंडनहून व्हर्जिनियाला निघालेल्यांत सहा पुरुषांमागे एक स्त्री होती; न्यू इंग्लंडला जाणाऱ्यांत तीन पुरुषांमागे दोन स्त्रिया. करार संपेपर्यंत लग्न करता येत नसे, झाले तर उशिरा होई, आणि मूल वाढण्याआधी आई किंवा बाप जाई.

याचा हिशेब एका वाक्यात मांडता येतो. शतकभरात चेसापीकला लाखाहून अधिक लोक गेले आणि १७०० मध्ये तिथली एकूण वस्ती लाखाच्या आसपास होती. न्यू इंग्लंडला वीसेक हजार गेले आणि १७०० मध्ये तिथे नव्वद हजार होते. थंड हवा, वाहते स्वच्छ पाणी आणि कुटुंबे घेऊन आलेले लोक. एकीकडे पोरांनी भरलेली घरे, जिथे शेतावरचे हात म्हणजे स्वतःचे मुलगे. दुसरीकडे दरवर्षी नव्याने विकत आणावे लागणारे हात. न्यू इंग्लंडच्या दगडाळ जमिनीत आणि आखूड उन्हाळ्यात विकत घेतलेल्या मजुराचा खर्च भरून काढणारे पीकच नव्हते. तिथे जमीनही माणशी न देता गावाला देत. मग गाव ती चर्च, गायरान आणि घरे जवळजवळ ठेवून वाटून घेई.

शाळा आणि नगरसभा याच जवळजवळ बांधलेल्या घरांतून शक्य झाल्या. इथे धर्माचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. बायबल प्रत्येकाने वाचावे या आग्रहापोटी मॅसॅच्युसेट्सने १६४७ मध्ये पन्नास घरांच्या गावाला शिक्षक आणि शंभर घरांच्या गावाला व्याकरणशाळा सक्तीची केली. हार्वर्डची स्थापना १६३६ ची. १६७१ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर विल्यम बर्कली आपल्याकडे मोफत शाळा आणि छापखाना नाही याबद्दल देवाचे आभार मानत होता. पण पन्नास घरे एकत्र असतील तेव्हाच तो कायदा लागू होतो. मैलामैलावर मळे असलेल्या मुलखात तोच कायदा केला असता तरी मुले शाळेपर्यंत चालत कशी गेली असती?

‘उत्तरेत लोकशाही, दक्षिणेत सरंजामशाही’

तारखा पाहू. व्हर्जिनियात अकरा वस्त्यांचे बावीस निवडलेले प्रतिनिधी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये ३० जुलै १६१९ ला बसले. मेफ्लॉवरवरच्या ४१ पुरुषांनी करारावर सह्या केल्या नोव्हेंबर १६२० मध्ये. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३१ पासून मतदानाचा हक्क फक्त चर्चच्या सभासद पुरुषांना होता.

मॅसॅच्युसेट्सचे स्वराज्य कागदातल्या एका उणिवेतून आले. १६२९ च्या सनदेत कंपनीची सभा कुठे भरायची हे लिहिलेलेच नव्हते. वसाहतीचा पुढारी जॉन विन्थ्रॉप आणि त्याच्या साथीदारांनी ऑगस्ट १६२९ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजला ठराव केला की सनद आणि कारभार दोन्ही अमेरिकेत न्यायचे. भागधारकांची सभा हीच विधानसभा झाली आणि राजाचा हात साडेतीन हजार मैल दूर राहिला. व्हर्जिनियाची कंपनी मात्र लंडनमध्येच होती. १६२२ च्या मार्चमध्ये पोहॅटन जमातींच्या हल्ल्यात ३४७ वसाहतकार मारले गेले, कारभाराची चौकशी झाली आणि १६२४ मध्ये राजाने कंपनी बरखास्त करून गव्हर्नर नेमला.

‘गुलामगिरी दक्षिणेची, उत्तरेत ती नव्हतीच’

हे साफ खोटे आहे आणि यातच सर्वांत जास्त नुकसान आहे, कारण त्याने अपराधाचा अर्धा भाग झाकला जातो. उत्तर अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत गुलामगिरीला कायद्यात सर्वांत आधी जागा दिली ती मॅसॅच्युसेट्सने, १६४१ मध्ये: न्याय्य युद्धातले बंदी, आणि जे परके स्वतःला विकतील किंवा आम्हाला विकले जातील, ते गुलाम ठेवता येतील. व्हर्जिनियात ऑगस्ट १६१९ मध्ये वीसहून थोडे अधिक आफ्रिकी उतरवले गेले हे खरे, पण पक्की वंशपरंपरागत चौकट तिथे हळूहळू बसली. १६२१ मध्ये आलेला अँथनी जॉन्सन मोकळा होऊन १६५१ मध्ये २५० एकरांचा मालक झाला होता. दुसरीकडे १६४० मध्ये पळून गेलेल्या तीन नोकरांपैकी दोन युरोपीयांना चार वर्षे वाढीव शिक्षा झाली आणि जॉन पंच या आफ्रिकी माणसाला जन्मभराची. मूल आईच्या दर्जाचे, हा कायदा १६६२ चा. बाप्तिस्म्याने सुटका नाही, हा १६६७ चा. सगळे कलमवार एकत्र झाले १७०५ मध्ये.

बर्कलीच्या १६७१ च्या अहवालात व्हर्जिनियाचे ४० हजार लोक, त्यांत ६ हजार करारबद्ध नोकर आणि २ हजार गुलाम. मग पालट का झाला? इंग्लंडमध्ये तरुणांची संख्या घटली आणि मजुरी वाढली, त्यामुळे नोकर मिळेनात; जे येत ते १६८१ नंतर पेनसिल्व्हेनिया पसंत करू लागले. मृत्यूचे प्रमाण उतरल्याने जन्मभराच्या मजुरात पैसा घालणे परवडू लागले. १६७६ मध्ये नॅथॅनिएल बेकनच्या बंडात करार संपलेल्या सशस्त्र, भूमिहीन गोऱ्यांनी जेम्सटाउन जाळले, तेव्हा मळेवाल्यांना मोकळ्या मजुराची भीती कळली. १६९८ मध्ये गुलामांच्या व्यापारातली रॉयल आफ्रिकन कंपनी या इंग्रज कंपनीची मक्तेदारी मोडली आणि गुलामांची जहाजे वाढली. स्वभाव तोच होता. मजुराची किंमत आणि पुरवठा बदलला.

उत्तरेचे पोट कशावर भरले? १६४० मध्ये इंग्लंडमधल्या राजकीय उलथापालथीने प्युरिटनांचे येणे थांबले. नव्याने आलेल्यांना गुरे-धान्य विकून चाललेले अर्थकारण कोसळले. वीस पौंडांची गाय पाचावर आली. त्यातून बाहेर काढले ते बार्बाडोससारख्या साखरेच्या बेटांनी. तिथे उसापुढे अन्न पिकवायला कोणी जमीन देत नव्हते. न्यू इंग्लंडने पिंपांच्या फळ्या, घोडे, धान्य आणि खारवलेली मासळी पाठवली. चांगली मासळी युरोपला, आणि तुटकी, कमी प्रतीची बेटांवरच्या गुलामांच्या ताटात. परतीला काकवी, तिच्यापासून रम. पुढे ऱ्होड आयलंडच्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेला नऊशेहून अधिक सफरी करून लाखाहून अधिक माणसे विकायला नेली. त्याच ऱ्होड आयलंडच्या नॅरागॅन्सेट किनाऱ्यावर गवताची सुपीक कुरणे होती, आणि बेटांना घोडे-चीज हवे होते. तिथे मोठे मळे उभे राहिले. साउथ किंग्स्टन गावात अठराव्या शतकाच्या मध्यावर पाचांतले जवळजवळ एक माणूस कृष्णवर्णीय होते, त्यांतले बहुतेक गुलाम. म्हणजे पीक आणि बाजार जुळला की न्यू इंग्लंडमध्येही मळा तयार होत होता.

‘उष्ण हवेत गोऱ्यांना राबता येईना, म्हणून गुलाम लागले’

हा दाव्याचा जोडमुद्दा. व्हर्जिनियाचे तंबाखूचे शेत पहिली साठ-सत्तर वर्षे मुख्यतः गोऱ्या नोकरांनीच कसले, एवढ्यावर तो निकालात निघतो. त्याहून स्पष्ट उदाहरण जॉर्जियाचे. १७३३ मध्ये जेम्स ओग्लथॉर्पच्या पुढाकाराने सॅव्हाना वसले. विश्वस्तांनी धर्मादाय वसाहतकाराला ५० एकर दिले, कोणालाही ५०० एकरांहून अधिक नाही, आणि १७३५ मध्ये गुलामगिरीवर बंदी घातली. हवा शेजारच्या साउथ कॅरोलायनाचीच. एबेनेझरचे जर्मन शेतकरी तिथे स्वतःच्या हातांनी पिके काढत होते, आणि डेरियनच्या स्कॉट लोकांनी जानेवारी १७३९ मध्ये गुलामगिरी येऊ देऊ नका असा अर्ज लिहून दिला. पण भाताच्या मळ्यांतला शेजारचा पैसा डोळ्यांसमोर होता. त्या साउथ कॅरोलायनाची चाल तर सुरुवातीपासून बार्बाडोसची: १६७० मध्ये चार्ल्स टाउन वसवणाऱ्यांत तिथले मळेवाले होते, आणि १७०८ पर्यंत तिथे कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांहून अधिक झाली होती. १७५१ पासून जॉर्जियातली बंदी उठली. तेव्हा पाचशेच्या आत असलेले गुलाम १७७५ पर्यंत अठरा हजारांच्या आसपास गेले. हवामान त्या पंचवीस वर्षांत बदलले नव्हते.

पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क तर या उत्तर-दक्षिण जोडीत कुठेच बसत नाहीत. गहू, जर्मन आणि डच कुटुंबे, अनेक पंथ. दावा त्यांना वगळूनच चालतो.

‘प्युरिटन जिथे गेले तिथे असाच समाज घडला असता’

हे तपासून पाहण्याची सोय इतिहासाने करून ठेवली आहे. १६३० मध्ये, म्हणजे विन्थ्रॉपची जहाजे मॅसॅच्युसेट्सला लागली त्याच वर्षी, इंग्लंडमधल्या बड्या प्युरिटनांनी निकाराग्वाच्या किनाऱ्यासमोर प्रॉव्हिडन्स बेटावर वसाहतीची कंपनी काढली. आज ते बेट कोलंबियाकडे आहे. अर्ल ऑफ वॉरिक, लॉर्ड सेय, लॉर्ड ब्रुक हे पाठीराखे आणि पुढे संसदेत राजाविरुद्ध उभा राहिलेला जॉन पिम खजिनदार. श्रद्धा तीच आणि वर्गही तोच. उलट मॅसॅच्युसेट्सपेक्षा इथे पैसा अधिक.

पण जमीन शेतकऱ्याच्या मालकीची नाही, अर्धा नफा कंपनीचा. तंबाखू हलक्या प्रतीचा निघाला, कापूस आणि रंगाची झाडे लावून पाहिली. आफ्रिकी गुलाम नोकरांपेक्षा स्वस्त पडत होते. काही वर्षांत बेटावरची जवळजवळ निम्मी माणसे गुलाम झाली. सॅम्युएल रिशवर्थ या प्युरिटनाने हे चूक आहे असे सांगून पळणाऱ्यांना मदत केली, तर कंपनीने समज दिली ती त्यालाच. जोवर ते ख्रिस्ती नाहीत तोवर त्यांना दास्यात ठेवणे कायदेशीर आहे, असे कंपनीचे म्हणणे. १६३५ च्या स्पॅनिश हल्ल्यानंतर बेटावरून स्पॅनिश जहाजे लुटण्याचा धंदा सुरू झाला. १६३८ मध्ये गुलामांनी उठाव केला, इंग्रज वसाहतीतला पहिला. १६४१ मध्ये स्पॅनिशांनी बेट घेतले.

मॅसॅच्युसेट्स आणि हे बेट यांच्यात ये-जा होती. १६३७ मध्ये विल्यम पिअर्स हा कप्तान ‘डिझायर’ नावाच्या जहाजातून न्यू इंग्लंडमधल्या पीक्वॉट या आदिवासी जमातीविरुद्धच्या युद्धात पकडलेले पंधरा मुलगे आणि दोन स्त्रिया घेऊन निघाला. बर्म्युडा चुकले, म्हणून त्याने त्यांना प्रॉव्हिडन्स बेटावर सोडले. फेब्रुवारी १६३८ मध्ये तो बॉस्टनला परतला तेव्हा जहाजात कापूस, तंबाखू, मीठ आणि आफ्रिकी माणसे होती. विन्थ्रॉपने ते आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिजमध्ये इंग्रज अमेरिकेतल्या पहिल्या छापखान्यातून एक पंचांग निघाले. ते तयार करणारा हाच विल्यम पिअर्स. १६४१ मध्ये न्यू इंग्लंडचे वसाहतकार घेऊन तो पुन्हा त्या बेटाकडे गेला. बेट स्पॅनिशांच्या हातात गेल्याचे त्याला ठाऊक नव्हते, आणि बंदरात शिरताना किल्ल्यावरून सुटलेल्या तोफेने तो मारला गेला.